उडी मारता येते, पण परत येता येतं का?

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, दोन जुने पीसी आणि उन्हाळ्यात नुसता आवाज करणारा पंखा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी मजुरीचा हिशोब काढणारं एक सॉफ्टवेअर मी बरीच वर्षं सांभाळतोय. परवा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा प्रोजेक्टसाठी येऊन बसला. त्याला काम दिलं साधं. जानेवारीत खाडे करूनही काही कामगारांना पुरा बोनस लागतोय, कुठं चुकतंय ते शोध. फाइल एकच, चार हजार ओळींची. (एवढी मोठी फाइल ठेवणं हे माझं पाप. त्याबद्दल पुढं बोलतो.)

त्यानं माउसचं चाक फिरवायला सुरुवात केली. खाली, खाली, अजून खाली. बोनसची जागा सापडली. तिथं हजेरी मोजण्याचा उल्लेख होता, म्हणून परत चाक, आता वर. हजेरी सापडली. तिथं सुट्टीचा उल्लेख. पुन्हा चाक. सुट्टीपाशी पोचल्यावर तो थांबला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सर, मी इथं कशाला आलो होतो?"

मला हसू आलं, पण मी हसलो नाही. ताट वाढताना उठून फडताळापाशी गेलेल्या माणसाचं असंच होतं. शेंगा चटणी आणायला गेलो होतो की मीठ, तेच आठवत नाही. फरक इतकाच, की घरात आतून कोणीतरी ओरडून सांगतं. कोडमध्ये सांगायला कोणी नसतं. निदान त्या मुलाला तरी असं वाटत होतं. खरं म्हणजे सांगणारा तिथंच होता. तो ज्या एडिटरमध्ये (म्हणजे कोड लिहायच्या-वाचायच्या प्रोग्रॅममध्ये) फाइल उघडून बसला होता, त्या एडिटरला हे सगळं माहीत होतं. यानं विचारलंच नव्हतं.

हा लेख त्या विचारण्याबद्दल आहे. ज्यांनी कधी कोड लिहिला नाही त्यांनाही कळेल असा लिहायचा प्रयत्न करतो, कारण आता सोलापुरात घरटी एक पोरगं पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि ते दिवसभर नेमकं काय करतं हे आईवडलांना कळत नाही. बराचसा वेळ ते हेच करतं. शोधत असतं.

फंक्शन म्हणजे काय, आणि 'जायचं' म्हणजे कुठं?

प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, आणि त्यांचा लिहिलेला मजकूर म्हणजे कोड. सूचना खूप झाल्या की त्यांचे गठ्ठे करतात आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव देतात. या नाव दिलेल्या गठ्ठ्याला फंक्शन म्हणतात. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये 'बोनस_काढा' नावाचं एक फंक्शन आहे. (खऱ्या कोडमध्ये नावं रोमन लिपीत असतात, इथं वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत देतोय.) हे फंक्शन स्वतः हजेरी मोजत नाही. ते 'हजेरी_मोजा'ला हाक मारतं. 'हजेरी_मोजा' पुढं 'सुट्टी_आहे_का' ला विचारतं.

म्हणजे प्रत्येक नावाच्या दोन प्रकारच्या जागा झाल्या. एक, जिथं ते फंक्शन प्रत्यक्ष लिहिलंय. तिला डेफिनिशन म्हणतात, आपण 'घर' म्हणू. दुसरी, जिथून त्याला हाक मारली जाते. तिला कॉल म्हणतात. घर साधारण एकच असतं, हाका कितीही ठिकाणांहून येतात.

आता लक्षात येईल की कोड वाचणं कादंबरीसारखं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत होत नाही. वाचणारा हाकेवरून घरी जातो, घरात दुसरी हाक दिसते, तिच्या घरी जातो, आणि काम झालं की आल्या वाटेनं परत फिरतो. कोडमधलं फिरणं म्हणतात ते हेच. कॉलेजात लिहायला शिकवतात, कारण परीक्षेत वीस-तीस ओळींचा प्रोग्रॅम येतो आणि तो एका पानावर मावतो. एका पानावर फिरायला लागत नाही.

शोधाचं बटण आहे की! मग अडचण काय?

हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. कंट्रोल आणि एफ दाबा, नाव टाका, एंटर मारत जा. मीही कित्येक वर्षं एवढ्यावरच भागवलं.

पण असं समजा की स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यानं रिक्षावाल्याला नुसतं "सिद्धेश्वर" सांगितलं. रिक्षावाला विचारणारच, "कुठलं?" देऊळ आहे, तलाव आहे, पेठ आहे, बाजार समिती आहे, साखर कारखाना आहे आणि मुंबईला जाणारी रेल्वेसुद्धा आहे. चार अक्षरं तीच, पण प्रत्येक वेळी वस्तू वेगळी.

साधा शोध म्हणजे हा प्रश्न न विचारणारा रिक्षावाला. तो सगळीकडे फिरवून आणतो. मी माझ्या फाइलीत 'बोनस' शोधलं तर शेरे-टिपांमधला बोनस सापडतो, पगारपत्रकावर छापायच्या मथळ्यातला बोनस सापडतो, 'जुना_बोनस_दर' सारखी नावं सापडतात, आणि या गर्दीत कुठंतरी खरं घर असतं. शोधाला अक्षरं दिसतात, अक्षरांमागचं काम दिसत नाही.

तरी साधा शोध टाकाऊ समजू नका. शेवटी त्याच्याकडेच परत यावं लागतं, ते कसं ते या लेखाच्या शेवटी कळेल.

पहिली युक्ती: उंबरा रस्त्याला लागून

१९७६ च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी व्हीआय नावाचा एडिटर लिहिला. त्याचा वारस विम, ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये बाहेर काढला. तो आजही लाखो लोक वापरतात. या एडिटरांमध्ये एक जुनी सोय आहे. बंद होणारा चौकटी कंस दोनदा दाबला, म्हणजे ]] असं, की पुढचं फंक्शन. [[ असं दाबलं की मागचं.

एडिटरला सी ही प्रोग्रॅम लिहायची भाषा कळत होती म्हणून हे जमत होतं असं कोणाला वाटेल. तसं काही नव्हतं. एक अडाणी पण हुशार नियम होता. ज्या ओळीचं पहिलंच अक्षर महिरपी कंस, म्हणजे { आहे, तिथं फंक्शन सुरू होतं असं समजायचं. सी लिहिणारी त्या काळची मंडळी फंक्शनचा कंस नव्या ओळीवर अगदी डावीकडे टाकत, आतले बाकीचे कंस उजवीकडे सरकवून. जुन्या पेठेत घराचा उंबरा रस्त्याला लागून असतो, तेव्हा रस्त्यावरून चालत उंबरे मोजले की घरं मोजली जातात. त्यातलाच प्रकार. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरनंही बराच काळ असंच धरलं होतं, की पहिल्या रकान्यात कंस दिसला म्हणजे नवी व्याख्या सुरू.

मग जुळे सोलापूर वसलं. घरापुढं अंगण आलं, फाटक आलं, उंबरा आत गेला. जावा या भाषेत लिहिणारे कंस त्याच ओळीच्या शेवटी टाकायला लागले, तेही क्लासच्या (फंक्शनं एकत्र ठेवणाऱ्या मोठ्या गठ्ठ्याच्या) आत उजवीकडे सरकवून. पायथॉन या भाषेनं तर फंक्शनचा महिरपी कंसच काढून टाकला. उंबरे मोजणारा नियम तिथं आंधळा झाला. विममध्ये जावासारख्या भाषांसाठी ]m अशी वेगळी सोय आली आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळी जुळणी करावी लागली.

माझं मत विचाराल तर ही युक्ती फुकट गेली नाही. फाइल उघडल्या उघडल्या, काहीही इन्स्टॉल न करता, सी भाषेच्या कोडमध्ये ती आजही चालते. सर्व्हरवर रात्री अकरा वाजता दुरुस्ती करायची वेळ आली की हेच हाताशी असतं.

दुसरी युक्ती: पत्त्यांची वही

सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं गावाभोवती पसरलेली आहेत. संक्रांतीला नंदीध्वज त्यांच्या प्रदक्षिणेला निघतात. मानकऱ्यांना वाट पाठ असते. पण नवख्या माणसाला त्यातलं नेमकं एकच लिंग बघायचं असेल, तर अख्खी प्रदक्षिणा घालण्यापेक्षा यादी बघणं सोपं. कोणतं कुठं आहे, बस.

कोडसाठी अशी यादी करणारा प्रोग्रॅम म्हणजे सीटॅग्ज. बर्कलीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तो मुळात केन अर्नोल्ड यांनी लिहिला. पुढं डॅरेन हीबर्ट यांनी त्याची मोठी आवृत्ती केली आणि आता युनिव्हर्सल सीटॅग्ज या नावानं तो सांभाळला जातो. तो सगळ्या फाइली एकदा वाचतो आणि 'टॅग्ज' नावाची एक वही बनवतो. प्रत्येक ओळीत फंक्शनचं नाव, फाइलीचं नाव आणि पत्ता.

या वहीतल्या दोन गोष्टी मला फार आवडतात.

एक म्हणजे पत्ता. तिथं ओळ क्रमांक लिहिता आला असता, आणि तशी सोयही आहे. पण नेहमीची पद्धत म्हणजे त्या ओळीचा मजकूरच खूण म्हणून लिहायचा. आपण पत्ता कसा सांगतो? घर नंबर कोणाला माहीत असतो? "पिंपळासमोरचं, हिरव्या दाराचं." मध्ये चार नवी घरं उठली तरी खूण टिकते. तसंच वरती पन्नास ओळी नव्यानं लिहिल्या तर ओळ क्रमांक चुकेल, मजकुराची खूण चुकणार नाही. दार कोणी निळं रंगवलं, म्हणजे ती ओळच बदलली, तर मात्र वही नव्यानं लिहावी लागते. जुनी वही घेऊन फिरणाऱ्याला सीटॅग्ज शिव्या खायला लावतं, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरी म्हणजे क्रम. वही नावांच्या क्रमानं लावलेली असते. त्यामुळं एडिटर मधलं पान उघडतो, आपलं नाव अलीकडे की पलीकडे बघतो, अर्धी वही सोडून देतो, आणि पुन्हा तेच. एक लाख नावं असली तरी जास्तीत जास्त सतरा वेळा बघून काम होतं. सतरा! लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात कोट्यवधी ओळी आहेत आणि त्याच्या सोबतच ही वही बनवायची आज्ञा दिलेली असते, ती उगाच नाही.

विममध्ये नावावर उभं राहून कंट्रोल आणि ] दाबलं की थेट घरी.

उलट दिशा राहिली. घरी उभं राहून विचारायचं, की मला कोण कोण हाक मारतं? यासाठी बेल लॅब्जमध्ये जो स्टेफन यांनी सीस्कोप लिहिलं होतं. दुरुस्ती करणाऱ्याला ही उलट दिशा जास्त लागते. 'हजेरी_मोजा' बदलायचं तर ते बोनसशिवाय आणखी कोण वापरतंय हे आधी माहीत पाहिजे. नाहीतर बोनस दुरुस्त होतो आणि प्रॉव्हिडंट फंड बिघडतो. हे मी अनुभवानं सांगतोय, जास्त खोलात जात नाही.

तिसरी युक्ती: धागा बघायचा की फूल बघायचं

सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड मागावर उठते. जुन्या पद्धतीत छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवतात आणि आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक पुठ्ठा पुढं सरकतो. मागाच्या दृष्टीनं मोर-बिर काही नसतं. हा पुठ्ठा, मग पुढचा पुठ्ठा. मोर असतो तो नक्षी काढणाऱ्याच्या चौकटीच्या कागदावर. मोराची मान बारीक करायची तर तो पहिल्यापासून पुठ्ठे मोजत बसत नाही. कागदावर मान कुठं सुरू होते, कुठं संपते ते त्याला दिसतं.

साधा एडिटर मागासारखा असतो, त्याला ओळी दिसतात. फंक्शन कुठं सुरू झालं, कुठं संपलं हे दिसायला त्याला चौकटीचा कागद लागतो. भाषेच्या व्याकरणानुसार कोडचं पृथक्करण करून जो आराखडा तयार होतो, त्याला सिंटॅक्स ट्री म्हणतात. शाळेत वाक्य पृथक्करण करायचो, उद्देश्य आणि विधेय, त्याचंच मोठं रूप. हा आराखडा असला की शेऱ्यातला कंस आणि खरा कंस यांत घोळ होत नाही.

अडचण अशी, की लिहिता लिहिता कोड कायम अर्धवट असतो. वाक्य अपुरं, कंस उघडा. शिवाय प्रत्येक अक्षरागणिक अख्खी फाइल नव्यानं तपासायची म्हटली तर पीसी रडायला लागेल. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी गिटहब या कोड साठवणाऱ्या कंपनीत असताना बनवलेलं ट्री-सिटर हे साधन या दोन्ही गोष्टींवर तोडगा काढतं. जेवढं बदललं तेवढ्याच भागाचा आराखडा ते नव्यानं करतं, आणि मध्ये चूक असली तरी बाकीचा आराखडा धरून ठेवतं.

याचा रोजचा फायदा म्हणजे पुढचं फंक्शन, मागचं फंक्शन, हे अख्खं फंक्शन निवड, याच्या बाहेरच्या फंक्शनवर जा, अशा गोष्टी कुठल्याही कंसशैलीत बिनचूक होतात. उंबरा कुठंही असो.

चौथी युक्ती: दुभाष्यांचा करार

आराखडा कळला तरी अर्थ कळतो असं नाही. माझ्याकडे 'जमा' नावाची दोन फंक्शन्स आहेत. एक कामगाराच्या उचलीच्या खात्यात जमा करतं, दुसरं बँकेच्या यादीत. 'खातं.जमा' असं लिहिलेलं दिसल्यावर यातलं कुठलं? ते 'खातं' कुठल्या प्रकारचं आहे त्यावर ठरणार, आणि तो प्रकार तीन फाइली पलीकडे ठरलेला असू शकतो. हे कळायला ती भाषा पुरती जाणणारा कोणीतरी पाहिजे.

पूर्वी प्रत्येक एडिटरवाल्यानं प्रत्येक भाषेसाठी असा जाणकार स्वतः बनवायचा, अशी पद्धत होती. दहा एडिटर आणि वीस भाषा म्हटल्या तर दोनशे जाणकार. त्यातले निम्मे अर्धेकच्चे.

सोलापूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारी भाषा कानावर पडतात. समजा, प्रत्येक व्यापाऱ्यानं प्रत्येक भाषेसाठी आपापला दुभाषी ठेवला तर दुकानात गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा उरायची नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी व्यवहाराची एक बोली ठरवली तर? जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्यासोबत अशीच एक बोली जाहीर केली. तिचं नाव लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, लोक एलएसपी म्हणतात. भाषेचा जाणकार वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालतो. एडिटर त्याला ठरलेल्या बोलीत विचारतो, "या फाइलीत, या ओळीवर, या अक्षरापाशी जे नाव आहे त्याचं घर कुठं?" तो उत्तर देतो. दोनशेच्या जागी तीस प्रोग्रॅम पुरतात. निओविमसारख्या आडदांड जुन्या घराण्यातल्या एडिटरनंही २०२१ च्या आवृत्तीत ही बोली अंगभूत घेतली.

व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरमध्ये एफ १२ दाबल्यावर जे होतं ते हेच. शिफ्ट धरून एफ १२ दाबलं की कोण कोण हाक मारतं त्याची यादी. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबलं की फाइलीतल्या सगळ्या फंक्शनांची यादी, नावाची दोन-तीन अक्षरं टाकली की यादी आवळत जाते. चार हजार ओळींच्या फाइलीत चाक फिरवणाऱ्या माझ्या पाहुण्याला मी आधी ही यादी दाखवली. तो म्हणाला, "हे कधीपासून आहे?" मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधीपासून, वेगवेगळ्या रूपात."

खरा मुद्दा: परत यायचं कसं?

इथपर्यंतचं सगळं 'जायचं कसं' याबद्दल झालं. इंटरनेटवर शिकवणारे इथंच थांबतात. मला मात्र वाटतं, अर्धी विद्या इथून पुढं आहे.

एफ १२ शिकल्यावर त्या मुलाचा वेग वाढला. 'बोनस_काढा' मधून 'हजेरी_मोजा', तिथून 'सुट्टी_आहे_का', तिथून सुट्ट्यांची यादी वाचणारं चौथंच काहीतरी. चार सेकंदांत चार घरं खोल. आणि मग पुन्हा तोच प्रश्न, "सर, मी कुठून आलो?" आधी तीन मिनिटांत हरवायचा, आता चार सेकंदांत हरवला. परतीसाठी त्यानं काय केलं? माउसचं चाक.

एडिटर तुमच्या उड्या लिहून ठेवत असतो. व्हीएस कोडमध्ये विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण, एक पाऊल मागं. ऑल्ट आणि उजवा बाण, परत पुढं. विममध्ये कंट्रोल-ओ मागं, कंट्रोल-आय पुढं. ईमॅक्समध्ये जायला मेटा (म्हणजे बहुधा ऑल्ट) आणि टिंब, यायला मेटा आणि स्वल्पविराम. ही दोन बटणं शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला माझा दंडवत.

यात एक बारीक भेद आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. विमकडे दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिली म्हणजे फिरस्तीची डायरी, तिला जंप लिस्ट म्हणतात. शोधलं, फाइलीच्या टोकाला गेलात, दुसऱ्या फाइलीत गेलात, सगळं त्यात येतं, शंभर नोंदींपर्यंत. दुसरी म्हणजे हाकांची उतरंड, तिला टॅग स्टॅक म्हणतात. त्यात फक्त हाकेवरून घरी मारलेल्या उड्या येतात. लग्नाच्या पंगतीतल्या ताटांच्या चळतीसारखं, शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. कंट्रोल-टी दाबलं की वरचं एक ताट उचललं जातं, म्हणजे जिथून ही हाक मारली होती तिथं तुम्ही परत जाता.

व्यवहारात फरक कसा पडतो बघा. तुम्ही 'हजेरी_मोजा'च्या घरी गेलात आणि तिथं दहा ठिकाणी शोधाशोध केलीत. डायरीनं परत यायचं तर दहाही ठिकाणांवरून उलटं चालावं लागेल. उतरंडीनं एका ठोक्यात 'बोनस_काढा' मध्ये. सात रस्त्याला उभं राहून कुठल्या रस्त्यानं आलो हे आठवायची गरज नाही, मनगटाला दोरी बांधलेली आहे.

जाण्याआधीच जायची गरज आहे का, हेही विचारावं. पुष्कळदा फंक्शनमध्ये फक्त डोकवायचं असतं. ऑल्ट आणि एफ १२ दाबलं की व्हीएस कोड ते घर तिथल्या तिथं एका छोट्या खिडकीत दाखवतो. दारातूनच विचारायचं, चप्पल काढायची नाही. आणि जिथं वारंवार यायचं आहे तिथं खूण ठोकून ठेवा. विममध्ये मोठ्या अक्षराची खूण केली, एम मग मोठं बी, की कुठल्याही फाइलीतून तिथं येता येतं. नोटपॅड प्लस प्लस या एडिटरमध्ये कंट्रोल-एफ २ नं खूण आणि एफ २ नं पुढच्या खुणेवर.

"सर, फाइली छोट्या ठेवल्या असत्या तर?"

त्या मुलानं हे विचारलंच. खरं आहे. चार हजार ओळींची फाइल हा आळस आहे आणि मी ती तोडणार आहे, दिवाळीनंतर. (हे मी तीन दिवाळ्या म्हणतोय.) पण तोडल्यानं फिरणं कमी होत नाही. उलट आता एका फाइलीत वरखाली करायच्या जागी चाळीस फाइलींमध्ये ये-जा होईल, आणि तिथं तर चाकाचा काहीच उपयोग नाही. नीटनेटक्या घरातसुद्धा डबा कुठल्या खोलीत हे माहीत असावं लागतं.

जुन्या पीसीवर हे चालतं का?

चालतं, पण सगळं नाही. भाषेचा जाणकार प्रोग्रॅम मेमरी खातो, चार जीबीच्या पीसीवर मोठ्या प्रोजेक्टला घाम फुटतो. कॉलेजच्या लॅबमध्ये बऱ्याचदा इन्स्टॉल करायची परवानगीही नसते. तिथं सीटॅग्जची वही उत्तम, एकदा लिहिली की नुसती मजकुराची फाइल. नोटपॅड प्लस प्लसमध्ये 'फंक्शन लिस्ट' नावाची बाजूची पट्टी असते, ती उघडा. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलेल्या माझ्या पिढीला यातलं काही नव्हतं, आम्ही वहीत ओळ क्रमांक लिहायचो. त्यात काही थोरपणा नव्हता, नाइलाज होता.

आता एआय सांगतो की, मग कशाला शिकायचं?

एआयला विचारा, मीही विचारतो. "बोनस कुठं काढला जातो?" असा नाव माहीत नसताना विचारायचा प्रश्न तो छान सोडवतो. जुनी साधनं तिथं लंगडी पडतात, त्यांना नाव लागतं. पण तो जे सांगतो ते खरं आहे का, हे बघायला तुम्हालाच त्या घरी जाऊन यावं लागतं. त्यानं लिहून दिलेला कोड तर तुम्ही लिहिलेलाच नसतो, म्हणजे त्यात तुम्ही पाहुणेच.

त्या जानेवारीचं काय झालं?

परतीची दोन बटणं हातात बसल्यावर त्या मुलाला चूक शोधायला फार वेळ लागला नाही. 'सुट्टी_आहे_का' हे फंक्शन गड्डा यात्रेची सुट्टी तपासताना तारीख बघतच नव्हतं, फक्त महिना बघत होतं. त्यामुळं अख्खा जानेवारी सुट्टीचा धरला जायचा आणि कोणाचा खाडा लागायचाच नाही. कामगारांनी तक्रार कशाला करावी? मालकानं केली तेव्हा कळलं. दुरुस्ती एका ओळीची.

जाता जाता त्यानं शिफ्ट-एफ १२ चा सराव म्हणून एकेका फंक्शनला कोण हाक मारतं ते बघायला सुरुवात केली. 'खास_बोनस' या फंक्शनवर येऊन थांबला. हाका शून्य. "सर, हे कोणीच वापरत नाही. उडवू का?"

मी म्हटलं, थांब. नुसता कंट्रोल-शिफ्ट-एफ मार, सगळ्या फाइलींत, कोडच्या बाहेरच्यासुद्धा. त्यानं साधा शोध घेतला. एक ओळ सापडली, सेटिंगच्या एका फाइलीत. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, सॉफ्टवेअर ती फाइल वाचतं, त्यात लिहिलेलं नाव उचलतं आणि त्या नावाच्या फंक्शनला हाक मारतं. नाव तिथं नुसती अक्षरं म्हणून पडलेलं आहे. भाषा जाणणाऱ्या जाणकाराला ती हाक वाटतच नाही.

त्यानं उडवण्यासाठी निवडलेल्या ओळी तशाच सोडल्या, फंक्शनच्या डोक्यावर 'काढू नये, दिवाळीला लागते' असा शेरा टाकला आणि ऑल्ट-डावा बाण दाबला.